चेंबरखालची प्लेट आणि टपावरचा कॅरियर

फोर-बाय-फोर पिकअप घेणाऱ्याचा पहिला मोठा खर्च शोरूममध्ये होतो आणि दुसरा ॲक्सेसरीजच्या दुकानात. इसुझूची व्ही-क्रॉस 2016 मध्ये आणि टोयोटाची हायलक्स 2022 मध्ये आपल्याकडे आली. त्याआधी पिकअप म्हणजे भाजीपाला, सिमेंट आणि दुधाचे कॅन वाहणारी गाडी एवढीच ओळख होती. आता हीच गाडी घरची म्हणून घेणारा, आठवडाभर ऑफिसला आणि सुट्टीत घाटमाथ्यावर नेणारा एक वर्ग तयार झाला आहे. डोंगरातले शेत किंवा फार्महाऊस सांभाळणारेही त्यात बरेच आहेत. या सगळ्यांना दोन गोष्टी एकदम हव्या असतात. दगडधोंड्यांच्या वाटेवर गाडीला इजा होऊ नये आणि महामार्गावर ॲव्हरेज पडू नये.

दुकानात या दोन्ही मागण्यांवर एकच ठरलेले उत्तर मिळते: संरक्षण हवे असेल तर वजन वाढणार आणि वजन वाढले की डिझेल जास्त लागणार. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि त्यामुळे लोक नको तिथे काटकसर करतात. इंजिनाखालची जाड प्लेट ‘उगाच वजन’ म्हणून नाकारली जाते आणि त्याच बिलात टपावरचा कॅरियर, पुढचा लोखंडी बंपर आणि रुंद टायर मात्र बसतात. हिशेब मांडून पाहिला, तर नेमके उलटे करायला हवे होते असे दिसते.

आधी धोका कुठे असतो ते पाहू. गाडीच्या पोटाखाली सर्वांत नाजूक जागा इंजिनाच्या ऑइल सम्पची. गॅरेजमध्ये त्याला चेंबर म्हणतात. चेंबरला दगड लागून चीर गेली की ऑइल काही मिनिटांत वाहून जाते, प्रेशर पडते, आणि लाल दिवा लागूनही चालकाने इंजिन बंद केले नाही, तर बेअरिंग जाम होऊन इंजिन बसते. त्यामागे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिझेलची टाकी असते. कंपनीकडून येणारे आवरण बहुधा पातळ पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे असते. रस्त्यावरचा चिखल आणि उडालेली खडी अडवण्यापुरते ते ठीक. दोन टनांची गाडी जेव्हा एखाद्या खडकावर टेकते, तेव्हा तो पत्रा वाकून चेंबरलाच भिडतो.

हा धोका फक्त किल्ल्यांच्या पायथ्याच्या वाटांवर असतो असेही नाही. उसाच्या पट्ट्यात गाळप हंगामातला शेतरस्ता पाहा. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जाऊन जाऊन दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात, मधे मातीचा उंचवटा राहतो आणि उन्हात तो वाळून टणक होतो. पिकअपची चाके चाकोरीत उतरली की हाच उंचवटा पोटाला घासत जातो आणि त्यात एखादा दगड रुतलेला असला तर चेंबरची खैर नसते. कोकणात जांभ्याचे सडे, देशावर काळ्या कातळाच्या पायऱ्या, पावसाळ्यानंतर फरशी पुलांवर वाहून आलेले गोटे. हे सगळे खालून लागणारे मार आहेत. आपल्या भागात गाडीला इजा होते ती मुख्यतः खालून.

ऑस्ट्रेलियात तसे नाही. तिथल्या ओसाड प्रदेशात संध्याकाळनंतर कांगारू अचानक गाडीसमोर उडी मारतात आणि जवळचे गाव शेकडो किलोमीटरवर असते. रेडिएटर फुटला तर माणूस उन्हातान्हात अडकतो. म्हणून तिथे समोरचा मजबूत बार ही गरज ठरली. मेलबर्नमध्ये 1975 साली सुरू झालेली एआरबी ही कंपनी याच गरजेवर वाढली, आणि अशा बारची एअरबॅगशी सुसंगती तपासण्याची तिथली पद्धतही पुढे विकसित झाली. आपण तो बार घेतला, त्यामागचे कारण आणि चाचण्या मात्र तिकडेच राहिल्या.

आता वजनाकडे वळू. पोलादाची घनता पाण्याच्या 7.85 पट आहे, ॲल्युमिनियमची 2.7 पट. 3 मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट एका चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरते, तर 5 मिलिमीटरची ॲल्युमिनियम प्लेट साडेतेरा किलो. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि टाकी झाकायला साधारण दोन चौरस मीटर प्लेट लागते असे धरले, तर पोलादाचे सत्तेचाळीस किलो होतात आणि ॲल्युमिनियमचे सत्तावीस. वाकण्याला विरोध करण्याची ताकद जाडीच्या घनाने वाढत असल्यामुळे ही 5 मिलिमीटरची ॲल्युमिनियम प्लेट 3 मिलिमीटरच्या पोलादापेक्षा सुमारे दीडपट ताठ असते, आणि तीही निम्म्याहून थोड्या अधिक वजनात.

तरीही ॲल्युमिनियमच घ्यावे असे सरसकट म्हणता येत नाही. ते मऊ आहे. खडकाच्या धारेवर ते कोरले जाते आणि दगड त्यात अडकू पाहतो. पोलाद त्याच धारेवरून घसरून पुढे जाते. ज्याला दर महिन्याला कातळ चढायचा आहे त्याला पोलाद बरे. समुद्रकाठच्या गाड्यांचा प्रश्न आणखी वेगळा. खाऱ्या हवेत पोलादी प्लेटचा रंग दगडाने खरवडला गेला की तिथून गंज धरतो. ॲल्युमिनियम तसे गंजत नाही, पण पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारे पाणी साचले की ॲल्युमिनियम बोल्टाभोवती झिजू लागते. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनारपट्टीवर राहणाऱ्याने प्लेट कोणतीही घेतली, तरी बोल्टांखाली वेगळा वॉशर आणि ग्रीस आहे ना, हे विचारून घ्यावे. या सगळ्यात वीस किलोंचा फरक दुय्यम आहे.

दुय्यम का, ते डिझेलच्या हिशेबात दिसते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची आणि पर्यावरण संस्थेची ग्राहकांना दिलेली ढोबळ सूचना अशी आहे की, गाडीत 100 पौंड, म्हणजे सुमारे 45 किलो वजन वाढले, तर इंधनाची कार्यक्षमता साधारण 1 टक्क्याने घटते. आपली पोलादी प्लेट जवळपास तेवढीच भरते. लिटरला 12 किलोमीटर देणारी पिकअप वर्षाला 15 हजार किलोमीटर फिरली, तर तिला साडेबाराशे लिटर डिझेल लागेल. त्यातला 1 टक्का म्हणजे बारा-तेरा लिटर. लिटरला 90 रुपये धरले, तर वर्षाचे अकरा-बाराशे रुपये. एका फुटलेल्या चेंबरचे बिल, टोइंगचे पैसे आणि गॅरेजमध्ये गेलेले दिवस यांच्यासमोर ही रक्कम ठेवून पाहावी.

घाट चढताना तरी वजन बोचत असेल, अशी शंका येते. त्याचेही गणित सोपे आहे. पन्नास किलो जादा वजन 600 मीटर उंच चढवायला जी ऊर्जा लागते, ती इंजिनातली सगळी गळती धरूनही सुमारे 27 मिलिलिटर डिझेलमध्ये भागते. एका घाटाला अडीच रुपये.

खरा खर्च हवेचा आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि पिकअप मुळातच उंच, चौकोनी गाडी. अशा गाडीला साधारण 60 किलोमीटर वेगाला टायरचा विरोध आणि हवेचा विरोध जवळपास सारखे असतात. 90 ला हवा टायरच्या दुपटीकडे जाते आणि 120 ला तिपटीच्याही पुढे. वजन फक्त टायरच्या बाजूला भर घालते. हवेच्या बाजूला भर घालतात गाडीच्या आकाराबाहेर आलेल्या वस्तू: टपावरचा कॅरियर, त्यावरचा तंबू, दिव्यांची पट्टी, समोरचा बार, वाढवलेली उंची.

समृद्धी महामार्गाचे उदाहरण घेऊ. जून 2025 मध्ये तो मुंबईच्या दिशेने आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आणि 701 किलोमीटरची सलग वाट मिळाली. तिथे मोटारींना 120 ची वेगमर्यादा आहे. सुमारे दोन टनांची पिकअप या वेगाने नागपूरला निघाली. पोटाखालच्या पन्नास किलो प्लेटमुळे तिला संपूर्ण प्रवासात जादा डिझेल लागेल ते अर्ध्या लिटरपेक्षाही कमी, पस्तीसेक रुपयांचे. टपावरच्या कॅरियरने हवेचा विरोध फक्त दहा टक्क्यांनी वाढवला असे मानू. त्याचे जादा डिझेल पाच लिटरच्या पुढे जाते, म्हणजे साडेचारशे रुपयांहून अधिक. हे दहा टक्के आम्ही मुद्दाम कमी धरले आहेत. टपावरच्या मोठ्या, बोथट पेटीमुळे 105 ते 120 किलोमीटर वेगाला एकूण इंधन-कार्यक्षमता 10 ते 25 टक्क्यांनी घटू शकते, असे त्याच अमेरिकी सूचनेत म्हटले आहे. कॅरियर रिकामा असला तरी हवेशी झगडतो, आणि आपल्याकडे तो वर्षातले बहुतेक दिवस रिकामाच असतो.

हीच गोष्ट एका कंपनीच्या स्वतःच्या गाडीत स्पष्ट दिसते. शेव्हर्लेच्या कोलोराडो पिकअपची झेडआर-टू ही ऑफ-रोड आवृत्ती अमेरिकेत 2017 मध्ये आली. तिची उंची आणि चाकांमधले अंतर वाढवले, खडबडीत नक्षीचे टायर दिले आणि समोरच्या बंपरखालची हवा वळवणारी पट्टी काढून टाकली, म्हणजे चढावर नाक आपटू नये. साध्या व्ही-सिक्स फोर-बाय-फोर कोलोराडोला अधिकृत चाचणीत शहरात गॅलनला 17 मैल आणि महामार्गावर 24 मैल मिळत होते. झेडआर-टूला शहरात 16 आणि महामार्गावर 18. आपल्या भाषेत, शहरातला ॲव्हरेज 7.2 वरून 6.8 किलोमीटरवर आला, तर महामार्गावरचा 10.2 वरून 7.7 वर. दोष वजनाचा असता तर शहरातला आकडा अधिक पडला असता, कारण थांबून पुन्हा उचलताना वजन जास्त जाणवते. पडला महामार्गाचा, आणि तोही पाव हिश्श्याने. ही करामत हवेची आणि टायरांची. दोन वर्षांनी याच गाडीची बायसन ही आवृत्ती आली. तिच्या पोटाखाली उष्ण साच्यात घडवलेल्या बोरॉन पोलादाच्या पाच प्लेट होत्या: चेंबर, टाकी, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल झाकणाऱ्या. असे पोलाद साध्या पोलादाच्या कैक पटींनी ताण सोसते, त्यामुळे पत्रा फार जाड करावा लागत नाही. कारखान्यातूनच असे संरक्षण देता येते, हे त्या गाडीने दाखवले.

टायरांचा विषय थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण इथे खरे नुकसान आणि भासणारे नुकसान एकमेकांत मिसळते. ऑल-टेरेन टायर साध्या टायरपेक्षा जड आणि कडक असतात. त्यांची खोल नक्षी रस्त्यावर सतत वाकते आणि त्यात ऊर्जा जाते. हे खरे नुकसान. पण अनेक जण त्यासोबत मापही वाढवतात. 265/65 आर 17 ऐवजी 285/70 आर 17 बसवला, की चाकाचा व्यास 776 मिलिमीटरवरून 831 होतो, म्हणजे 7 टक्क्यांनी वाढतो. मीटरला हे कळत नाही. गाडी 107 किलोमीटर धावते तेव्हा मीटर 100 दाखवते. लिटरला 12 देणारी गाडी मीटरवरून मोजली, तर 11.2 देते असे वाटते, आणि त्याच आठवड्यात बसवलेल्या प्लेटवर त्याचा आळ येतो. वेगाचा काटाही तसाच फसवतो: काट्यावर 80 असताना गाडी 85 च्या पुढे असते, आणि स्पीड कॅमेरा काटा पाहत नाही. मोठे टायर लावलेल्यांनी महामार्गावरचे किलोमीटरचे दगड किंवा मोबाइलवरचे जीपीएस यांच्याशी मीटर एकदा पडताळून पाहावा, मगच ॲव्हरेजवर बोलावे.

वजन दुय्यम आहे, हे खालच्या प्लेटपुरतेच खरे आहे. समोरच्या पोलादी बंपरला, त्यात बसवलेल्या विंचला, हौद्यावरच्या कॅनपीला आणि मागच्या जादा चाकाच्या स्टँडला ते लागू होत नाही. कारण तिथे वजनाची साखळी सुरू होते. पोलादी बंपर आणि विंच मिळून पुढच्या चाकांवर सत्तर-ऐंशी किलो सहज पडतात, तेही चाकांच्या पुढे. गाडीचे नाक खाली बसते. ते उचलायला कडक स्प्रिंग लागतात. स्प्रिंग बदलतानाच दोन इंच उंची वाढवून घेतली जाते. उंची वाढली की जुने टायर छोटे दिसतात, म्हणून मोठे टायर येतात. मोठ्या टायरांनी गिअरचे प्रमाण लांबते, गाडी उचल खात नाही आणि चालक ॲक्सिलरेटर अधिक दाबतो. उंच झालेली गाडी हवेला जास्त अडते, वळणावर जास्त झुकते आणि ब्रेक लावल्यावर थांबायला जास्त अंतर घेते. या साखळीच्या शेवटी लिटरमागे दोन-तीन किलोमीटर गेलेले असतात, आणि मालकाला त्यातले कोणते एक कारण बोट दाखवण्याजोगे वाटत नाही.

शिवाय प्रत्येक गाडीची भार सोसण्याची एक ठरलेली मर्यादा असते. पूर्ण भरलेल्या गाडीचे कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतला फरक म्हणजे तिची वहनक्षमता. घरगुती वापराच्या, पाच आसनी पिकअपमध्ये हा फरक लोकांना वाटतो त्याहून पुष्कळच कमी असतो. त्यातून पाच माणसे आणि त्यांचे सामान वजा केले, तर ॲक्सेसरीजसाठी उरते ते मोजकेच. बंपर, विंच, स्लायडर, कॅनपी, तंबू आणि जादा डिझेलचा कॅन यांची बेरीज कुणी करत नाही. ज्या गाडीला हौदा आहे तिला वजनाचे वावडे नसते, हा समज मालवाहू पिकअपवरून आलेला आहे. मालवाहू गाडीचे पाटे वेगळे असतात, टायर वेगळे असतात आणि तिच्याकडून अपेक्षाही वेगळ्या असतात.

समोरच्या बारला आमचा विरोध आहे तो मात्र डिझेलमुळे नाही. आधुनिक गाडीच्या पुढच्या भागात टक्कर झाली की चुरगळणारे भाग ठरवून ठेवलेले असतात. ते दुमडताना धक्क्याचा जोर घेतात, आणि धक्का किती वेगाने येतो आहे, हे सेन्सरांना कळून एअरबॅग योग्य क्षणी फुगते. चासीला थेट बोल्टने जोडलेला बार हा धक्का त्या भागांना टाळून मागे पाठवतो. त्यामुळे एअरबॅगची वेळ चुकू शकते. आणि रस्त्यावरच्या माणसाला बॉनेटच्या लवचीक पत्र्याऐवजी लोखंडी नळी लागते. पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार यांच्या अंगावर ती येते तेव्हा बार कुणाचेही संरक्षण करत नसतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा बारांवर कारवाई करायला सांगितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. एवढे असूनही हे बार उघड विकले जातात, कारण अडवणूक विक्रेत्याची होत नाही, कधीमधी नाक्यावर मालकाची होते. ज्या दुकानाच्या पाटीवर ते टांगलेले असतात, तिथूनच कारवाई सुरू व्हायला हवी.

खालच्या प्लेटचेही काही दोष आहेत आणि ते सांगायलाच हवेत. प्लेट आणि इंजिन यांच्या मधल्या फटीत चिखल साचतो. तो धुतला नाही तर वजनही वाढते आणि ओलही टिकते. ऑइल बदलताना प्लेट काढावी लागते. मिस्त्रीला कंटाळा आला की चार बोल्टांतले दोनच परत लागतात. म्हणून ऑइलच्या बोल्टासमोर भोक ठेवलेली प्लेट घ्यावी. सर्वांत गंभीर दोष वाळलेल्या गवताचा. आताच्या डिझेल गाड्यांतला धूर गाळणारा फिल्टर स्वतःची काजळी जाळतो, तेव्हा तिथले तापमान सहाशे अंशांच्या आसपास जाते. दिवाळीनंतर पठारांवरचे गवत कमरेएवढे आणि कोरडे असते. ते प्लेटच्या वर, एक्झॉस्टजवळ कोंबले गेले तर पेट घेऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या स्पिनिफेक्स गवताळ भागात गाड्या अशा जळाल्या आहेत. घाटमाथ्यावरच्या गवतातून गाडी नेणेच टाळावे, आणि गेलीच तर थांबून खाली वाकून पाहावे. पठाराला लागलेली आग गाडीपुरती राहत नाही.

पैसा कुठे वाचतो, याचा शोध घेतला तर तो बराचसा चालकाच्या पायाशी सापडतो. समृद्धीवर तीच पिकअप 120 ऐवजी 90 ने चालवली, तर नागपूरपर्यंत वीस लिटरच्या आसपास डिझेल वाचू शकते. वेळ सुमारे दोन तास जास्त लागतो. हे सगळ्यांना परवडणारे नाही, पण 100 ने जाणाऱ्यालाही त्यातला मोठा हिस्सा मिळतो. चिखलात किंवा वाळूत उतरताना टायरमधली हवा कमी करणारे अनेक जण परतीच्या वाटेवर ती भरत नाहीत आणि तशीच गाडी घरापर्यंत आणतात. मऊ टायर तापतो, झिजतो आणि डिझेलही खातो. चार-पाच किलोचा हवा भरायचा पंप सोबत असणे, हे वजन कमी करण्याच्या कुठल्याही खटाटोपापेक्षा फायद्याचे. हौद्याचा मागचा दरवाजा उघडा ठेवला की हवा सरळ निघून जाते आणि ॲव्हरेज वाढतो, हाही एक जुना समज आहे. दरवाजा बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा टिकून राहतो आणि वरची हवा त्यावरून पुढे सरकते. म्हणून दरवाजा लावलेलाच बरा.

आमची मागणी मुख्यतः कंपन्यांकडे आहे. फोर-बाय-फोर म्हणून जी गाडी विकली जाते, डोंगर चढतानाच्या जाहिराती जिच्या दाखवल्या जातात, तिच्या चेंबरखाली, ट्रान्सफर केसखाली आणि टाकीखाली खरोखर भार सोसणारी प्लेट कारखान्यातूनच असावी. वरच्या किमतीच्या आवृत्तीत नव्हे, फोर-बाय-फोर असलेल्या प्रत्येक आवृत्तीत. अधिकृत ॲक्सेसरीजच्या यादीत प्रत्येक वस्तूच्या किमतीशेजारी तिचे वजन छापावे आणि ती बसवल्यावर किती वहनक्षमता उरते, तेही छापावे. हे आकडे कंपन्यांकडे असतातच. परिवहन खात्याने कोणती जोड कायदेशीर आणि कोणती नाही, याची चित्रांसह यादी मराठीत प्रसिद्ध करावी. आज मालकाला ते दंडाच्या पावतीवरून कळते.

हे होईपर्यंत पिकअप घेणाऱ्याला आमचे सांगणे एवढेच: पहिले पैसे चेंबरखालच्या प्लेटवर घालावेत आणि तिच्या किलोंची चिंता करू नये. समोरचा बार बसवू नये. बसवला असेल तर काढावा. टायर मूळ मापाचेच घ्यावेत. टपावरचा कॅरियर सहलीच्या आदल्या दिवशी चढवावा आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी उतरवावा.